कागदांचा जीर्णोद्धार

धुळ्यात पत्ता विचारला की रस्त्याचं नाव क्वचित ऐकू येतं. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, असं सांगतात आणि माणूस बरोबर पोचतो. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्ज इथे आला आणि पांझरेच्या काठी त्याने दोरी लावून नवी वस्ती आखली. अशा आखीवरेखीव गावात मराठीतला एक महाफिरस्ता विद्वान अखेरच्या मुक्कामाला आला. गावोगाव पायपीट करून, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या फडताळात हात घालून कागद गोळा करणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले.

मागे संसार नव्हता. पत्नी ऐन तारुण्यात गेली, पुन्हा लग्न केलं नाही. होते ते कागद: टाचणं, शब्दांच्या याद्या, अर्धवट कोश, मोडी पत्रं. एरवी अशा माणसामागे त्याची पेटी नातेवाइकांकडे जाते, तिथून माळ्यावर आणि तिथून वाण्याच्या पुड्यांत. धुळेकरांनी तसं होऊ दिलं नाही. १९२७ उजाडताच भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. पुतळा नंतर बघू, आधी कागद सांभाळू, असा तो क्रम होता. मला तरी तो क्रमच या संस्थेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

राजवाड्यांनी काय केलं ते शाळेत एका ओळीत सांगून संपवतात. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात पानिपतापर्यंतच्या दहाबारा वर्षांची पत्रं होती. माला २२ खंडांपर्यंत गेली. ग्रँट डफने इंग्रजीत लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. तो खोडायचा तर नुसत्या अभिमानाने भागणार नाही, अस्सल कागद पाहिजे, हा राजवाड्यांचा हेका होता. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी लिहिलं ते मराठीतच. स्वभाव जमदग्नीचा. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात ते पुढे होते आणि पुढे त्याच मंडळाशी त्यांचं बिनसलं.

धुळ्याच्या मंडळाने त्यांचं उरलेलं काम हातावेगळं केलं. धातुकोश १९३७ मध्ये आणि नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ मध्ये आला, दोन्ही कृ. पां. कुळकर्णींच्या संपादनाखाली. १९३२ पासून ‘संशोधक’ हे त्रैमासिक सुरू झालं. गेल्या शतकाच्या अखेरीस मु. ब. शहा यांच्या संपादनाने समग्र राजवाडे साहित्याचे १३ खंड इथूनच निघाले. शिवाय मूर्ती, नाणी, ताम्रपट यांचं संग्रहालय आहे, पण शाळांच्या सहली नेमक्या तिथेच रेंगाळतात, म्हणून त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

याच गावात दुसरं दप्तर आहे: श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देव पेशाने वकील, पण गावाला ते समर्थभक्त म्हणून ठाऊक. १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा निघाली आणि देवांनी तिच्यामार्फत रामदासी मठामठांतून बाडं जमवायला सुरुवात केली. सीनेकाठच्या डोमगावला समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. तिथल्या कल्याणांच्या हातच्या प्रतीवरून १९०५ मध्ये त्यांनी दासबोध छापला. मंदिर उभं राहिलं १९३५ मध्ये. नाव मंदिराचं, पण पूजा होते ती पोथ्यांची. समर्थांच्या हस्ताक्षरातलं मानलं जाणारं वाल्मीकी रामायण इथे आहे, आणि ते पाहायला येणारे नकळत हात जोडतात.

एक माणूस इतिहासासाठी कागद जमवत होता, दुसरा भक्तीसाठी. कागदाला त्याचं सोयरसुतक नसतं. वाळवी दोघांनाही सारखीच.

जुनी वास्तू दुरुस्त करून तिथे ग्रंथालय पुन्हा उघडलं की वर्तमानपत्रांत रंगीत छायाचित्रं येतात. मुंबईच्या काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय हे अलीकडचं उदाहरण. १८७० ची दगडी इमारत, २०२३ मध्ये जीर्णोद्धार पुरा झाला आणि कमानींसमोर लोक फोटो काढू लागले. काम चांगलं झालं, यात वाद नाही. धुळ्यात मात्र उलटं गणित आहे. इथे भिंतींपेक्षा आतला ऐवज कितीतरी जुना. दगड धुऊन, चुना भरून भागत नाही. डागडुजी करायची ती एकेका पानाची.

ते काम कसं चालतं हे कळलं की आपल्या घरातल्या जुन्या वहीकडेही माणूस वेगळ्या नजरेने बघतो. जुना हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून चिवट. शाई काजळाची, ती कागद खात नाही. त्यामुळे तीनशे वर्षांपूर्वीचं पत्र पुष्कळदा धडधाकट असतं आणि शंभर वर्षांपूर्वीचं छापील मासिक हातात घेताच कडकड मोडतं. गिरणीच्या स्वस्त कागदात आम्ल राहतं, ते आतून पोखरतं. खानदेशातला उन्हाळा अंगाची लाही करणारा. त्या कोरड्या हवेत बुरशी धरत नाही, हा फायदा, पण घड्यांवर कागद ठिसूळ होतो, हा तोटा. पावसाळ्यात कसर आणि वाळवी आहेतच. मग रुमाल, म्हणजे कागद बांधून ठेवलेलं फडकं, सोडायचा, पान मऊ कुंचल्याने झाडायचं, फाटलं असेल तिथे विरविरीत पातळ कागद खळीने चिकटवायचा, सावलीत वाळवायचं, पुन्हा बांधायचं. यात घाई करणाऱ्याने हात लावू नये. छायाचित्रण करून संगणकात ठेवणं सोपं, पण घडी उलगडल्याशिवाय तेही होत नाही.

आणि कागद वाचला तरी तो वाचणार कोण? मोडीत आधी शिरोरेघ ओढतात, मग हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही. आपल्या पणजोबांचं खरेदीखत आपल्याला परक्या देशाच्या लिपीसारखं दिसतं. दहा वर्षं कपाटात नीट ठेवलेला रुमाल आणि दहा वर्षं कुणी न वाचलेला रुमाल, यात मला फारसा फरक दिसत नाही.

खुद्द राजवाड्यांच्याच बाबतीत एक बोचरी गोष्ट घडली. १९०३ मध्ये बीडजवळ पाटांगण इथे त्यांना ज्ञानेश्वरीची फार जुनी पोथी मिळाली. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली, तिच्या भाषेवर व्याकरण लिहिलं. आज ती मूळ पोथी उपलब्ध नाही. छापील प्रत आहे, आणि तिच्या अस्सलपणावरचा वाद आहे. अस्सल कागदासाठी आयुष्य घालवलेल्या माणसाचा सर्वांत गाजलेला कागदच हरवावा!

हे सगळं जपायला पैसा लागतो, आणि त्याचा खानदेशाला फार जुना धडा आहे. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे गावी देवीच्या देवळात एक शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात भक्तिभावापेक्षा हिशेब जास्त: तिथल्या बाजारात माल विकला जाईल त्यावरचा राजाचा वाटा मठाला. सिद्धान्तशिरोमणीचं अध्ययन बाजाराच्या करावर चालत होतं! महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्यात अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे, पण ग्रंथालयासाठी वेगळा उपकर नाही. जळगावच्या व. वा. वाचनालयापासून एखाद्या खेड्यातल्या एका खोलीच्या वाचनालयापर्यंत सगळ्यांची वर्षअखेर अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून जाते. निकुंभांचा कारकून यापेक्षा व्यवहारी होता, असं म्हणावंसं वाटतं.

१९३२ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहे ती त्या लिहून घेण्यामुळे. कुणीतरी बोलायचं, कुणीतरी टिपायचं, कुणीतरी जपायचं, ही या गावाची जुनी सवय आहे. तिसऱ्या कामाला आता माणसं कमी पडतात.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेलं काही खाली आलं, तर ते रद्दीवाल्यापुढे टाकू नका. घड्या जबरदस्तीने उघडू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. जसं आहे तसं सुती कापडात गुंडाळा आणि धुळ्याला घेऊन या.