नाव नरक्या, गुण अमृताचे!

तुळिंजच्या इमारतींच्या गर्दीतून पूर्वेकडे पाहिलंत, तर तुंगारेश्वरचे डोंगर दिसतात. सह्याद्रीच्याच कुळातले. याच सह्याद्रीत खाली दक्षिणेला, महाबळेश्वर, कोयना, आंबोलीच्या रानांत एक लहानसं झाड वाढतं. त्याचं नाव नरक्या! त्याची फुलं हुंगायला जाल, तर नाक धरून पळाल. त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातही ‘फीटिडा’ म्हणजे ‘घाण वासाचं’ असा शब्द होता.

पण याच झाडात कर्करोगावरच्या औषधाचं मूळ दडलंय. त्या द्रव्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी ते एका चिनी झाडातून वेगळं काढलं. हे वाणी जन्मानं आपल्या नंदुरबारचे, बरं का! पुढे १९७२ साली तेच द्रव्य नरक्यातही सापडलं. पेशीची वाढ होताना डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. ते काम करणाऱ्या विकरालाच कॅम्प्टोथेसिन अडकवून ठेवतं. मग भराभर वाढू पाहणारी कर्करोगाची पेशी मरते. यापासून तयार केलेल्या टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

झालं! नरक्याला भाव आला. द्रव्य खोडात आणि मुळांत जास्त, म्हणून झाडं तोडून, मुळं उकरून त्यांचे तुकडे पोत्यांनी विकले जाऊ लागले. पानं खुडली तर झाड पुन्हा फुटतं. मूळच उपटलं तर काय उरणार?

त्यात आणखी एक मेख आहे. सगळे नरक्या सारखे नसतात! बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या ठिकठिकाणच्या झाडांचे नमुने तपासले. काहींत हे द्रव्य भरपूर निघालं, काहींत अगदीच थोडं. रायवळ आंब्यासारखंच की! शेजारशेजारची दोन झाडं, पण एक साखर, दुसरं आंबट ढाण. तोडणारा मात्र काही तपासून तोडत नाही.

मग गुणी झाडांचीच कलमं का लावू नयेत? लावावीत की! पण कलमं म्हणजे सगळी एकाच साच्यातली. एखादा रोग आला, तर सगळी बाग एकदम आडवी व्हायची. म्हणून रानातली नाना तऱ्हेची झाडंही हवीतच. रोपवाटिकेसाठी बी गोळा करतानाही एकाच झाडाखाली बसून पिशवी भरायची नसते. रानोरान हिंडून, दूरदूरच्या झाडांची थोडीथोडी जांभळट फळं आणायची. आणि कुठलं बी कुठल्या रानातलं, त्याची चिठ्ठी प्रत्येक पुडीवर लावायची.