घशात सुरू होणारं हृदयाचं दुखणं

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझ्या नावामागचं ‘डॉक्टर’ तत्त्वज्ञानातलं आहे. ताप आलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. पण कार्यकारणभाव हा आमचा जुना विषय. कारण कुठे असतं आणि आपण ते कुठे शोधतो, हे समजून घ्यायला हृदयाच्या झडपेइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

देकार्तने १६३७ सालच्या आपल्या ग्रंथात हृदयातले अकरा लहान पडदे मोजले आहेत. छोटी दारंच ती, असं तो म्हणतो. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतं हे हार्वीचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं. उष्णतेनं रक्त फुगतं, असं त्याला वाटे. तिथे तो चुकला, पण मोजणी अचूक. तीन-तीन पाकळ्यांच्या तीन झडपा आणि दोन पाकळ्यांची एक. ही दोन पाकळ्यांची, डाव्या बाजूची, ती मायट्रल. आपल्याकडे तरुण वयात बिघडते ती बहुतेक वेळा हीच.

बिघडते कशी? सुरुवात हृदयात होतच नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूनं सुजतो. चार दिवसांत बरं वाटतं, मूल शाळेत जातं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. गुडघा सुजतो, तो ओसरतो तोवर घोटा, मग मनगट. हा संधिज्वर. घरात म्हणतात, वाढीचं वय आहे, तेल चोळा. आणि सांधे खरंच बरे होतात! फसगत इथेच आहे. जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या प्रथिनांसारखी दिसतात. जंतूशी लढायला निघालेली शरीराची फौज ओळखण्यात चुकते आणि झडपेवर हल्ला करते. दोरी आणि साप आपण वर्गात शिकवत आलो. इथे भ्रम रक्तालाच होतो म्हणा ना.

असे हल्ले पुन्हा पुन्हा झाले की पाकळ्या जाड होतात, कडा एकमेकींना चिकटतात, त्यांना धरून ठेवणारे तंतू आखडतात. चार ते सहा चौरस सेंटिमीटरचं दार दीडच्या खाली येतं, माशाच्या तोंडासारखी फट उरते. रक्त मागे तुंबतं, फुप्फुसांत दाब वाढतो, जिना चढताना धाप लागते. पश्चिमेत याला काही दशकं लागत. भारतात मात्र विशीच्या आतच झडप इतकी अरुंद झालेली मुलं १९६३ साली रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवली होती.

मुलीच्या बाबतीत हे पुष्कळदा पहिल्या गरोदरपणात उघडं पडतं. रक्ताचं प्रमाण जवळजवळ दीडपट होतं, ठोके वाढतात, त्या फटीतून रक्त उतरायला वेळच मिळत नाही. मग सासरचे विचारतात, लग्नाआधी काही होतं का? माहेरचे शपथेवर सांगतात, काही नव्हतं. दोघंही खरंच बोलत असतात. दहा वर्षांपूर्वीचा घसा कोणाला आठवणार?

उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. घसा दुखतो तेव्हाच पेनिसिलिन मिळालं तर पुढचं टळतं. घसा धरल्यापासून नऊ दिवसांपर्यंत सुरू केलं तरी चालतं. एकदा संधिज्वर येऊन गेला की साधारण दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. झडपेला इजा झाली असेल तर चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर. चिकटलेल्या पाकळ्या फुग्यानं उघडण्याची पद्धत जपानच्या इनोऊ यांनी १९८४ साली प्रसिद्ध केली. त्यानं पुष्कळांची छाती उघडण्याची वेळ टळली. पण फुगा दार उघडतो, घशातला जंतू थांबवत नाही.

आणि त्या एकवीस दिवसांचंच अवघड आहे. इथे कृष्णाकाठी गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. एका कोपीत पाच-सहा जणं झोपतात. एकाचा घसा धरला की दुसऱ्याचा धरायला कितीसा वेळ? मुलाचं इंजेक्शनचं कार्ड गावच्या दवाखान्यातलं, मूल मात्र इथल्या फडात. पुढची तारीख येते तेव्हा टोळी तिसऱ्याच गावी असते. म्हणून एवढंच करा : तुमच्या शेतावर कोपी पडली, की तिथल्या आईला विचारा, पोराचे सांधे कधी सुजले होते का. हो म्हणाली, तर ती तारीख तुमच्या कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी मोटरसायकलवरून त्याला दवाखान्यात घेऊन जा.