त्रिनिदाद बेटावरील स्वस्त व सुग्रास अन्न

परदेशप्रवासाची गोष्ट निघाली कीं आमच्या घरांतून दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, खर्च किती येईल? आणि दुसरा, तेथें आपण खाणार काय? पुष्कळ देशांत दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पाव, लोणी व उकडलेले बटाटे असें निमूटपणें द्यावें लागतें, आणि एवढें करूनही पहिला प्रश्न सुटतोच असें नाहीं. परंतु हिंदुस्थानापासून पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या अंगास असें एक बेट आहे, कीं जेथें हे दोन्ही प्रश्न एकाच हातगाडीपाशीं सुटतात. तें बेट म्हणजे कॅरिबियन समुद्रांतील त्रिनिदाद होय. तेथें अल्प खर्चांत पोट कसें भरावें हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. पण तें अन्न तेथें कोणीं आणि कशा स्थितींत नेलें, हेंही त्याबरोबर सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

त्रिनिदाद हें व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून अवघ्या अकरा किलोमीटरांवर आहे. शेजारच्या टोबॅगो बेटासह तें १९६२ सालीं स्वतंत्र झालें. त्याची संपत्ति मुख्यतः खनिज तेल व वायु यांची. प्रवाशांवर तें बेट जगत नाहीं. राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथील मोठीं हॉटेलें व्यापारानिमित्त येणाऱ्या कंपनीवाल्यांसाठीं चालतात, आणि तेथील जेवणाचें बिल कंपनी भरते. स्वतःच्या कनवटीचा पैसा खर्चणाऱ्या प्रवाशानें त्या वाटेस न जाणेंच बरें. तेथील मजूर, कारकून आणि शाळेंत जाणारीं मुलें जेथें खातात तेथें त्यानें जावें.

डबल्स

सकाळच्या प्रहरीं एखाद्या चौकांत छत्रीखालीं मांडलेली पेटी आणि तिच्याभोंवतीं उभीं असलेलीं माणसें दिसलीं, म्हणजे तेथें 'डबल्स' मिळते असें समजावें. नांव इंग्रजी असलें तरी पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. हळद घालून भिजविलेल्या मैद्याच्या दोन मऊ पुऱ्या तळलेल्या असतात. त्यांस तेथें 'बारा' म्हणतात. हा शब्द आपल्या 'वडा' शब्दाचाच भाऊ. त्या दोन पुऱ्यांमध्यें काबुली चण्यांची रसदार उसळ, तिच्यावर चिंचेची चटणी, काकडीचा कीस आणि मिरचीचा ठेचा. विकणारा हें सर्व एका कागदाच्या तुकड्यावर इतक्या चपळाईनें रचून देतो कीं पाहणारानें पाहातच राहावें. उभ्याउभ्यांच खावयाचें, दुसरें हवें असल्यास नुसती खूण करावयाची आणि पैसे शेवटीं द्यावयाचे. कोणीं किती खाल्लें याचा हिशेब गाडीवाल्याच्या डोक्यांत पक्का असतो.

एका डबल्सची किंमत एका अमेरिकन डॉलराच्या आसपास पडते. दोन खाल्लीं म्हणजे दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाहीं. भाड्याचें दुकान नाहीं, टेबल-खुर्ची नाहीं, नोकरचाकर नाहींत आणि खप मोठा, म्हणून हा भाव परवडतो. परंतु या स्वस्ताईचा पाया मात्र बेटाच्या हातीं नाहीं. गहूं त्या बेटांत पिकत नाहीं व चणेही बाहेरून येतात. २०२२ सालीं पिठाचे भाव चढले, तेव्हां डबल्सचा दर किती वाढणार ही तेथें घरोघरची चर्चा होऊन बसली. आपल्याकडे कांद्याचा भाव वाढला म्हणजे जो गलबला उडतो, तसाच हा प्रकार.

हा पदार्थ १९३६ च्या सुमारास प्रिन्सेस टाउन गांवीं राहणाऱ्या दीन नांवाच्या मुसलमान कुटुंबानें प्रथम विकावयास आणला असें सांगतात. आधीं एका पुरीवर चणे घालून देत. गिऱ्हाइकें 'दुप्पट करा' असें म्हणूं लागलीं, म्हणून हें नांव पडलें अशी हकीकत आहे.

रोटी व तिच्या बहिणी

दुपारच्या वेळीं रोटीच्या दुकानांत जावें. 'दालपुरी' नांवाची जी रोटी तेथें मिळते, ती पाहून आमच्या भगिनींस पुरणपोळीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. भेद इतकाच कीं पुरण गोड नसतें. वाटाण्याची पिवळी डाळ शिजवून, वाटून, जिरें व लसूण घालून भरलेली असते. या रोटींत भोपळा, चवळीच्या शेंगा, पालेभाजी किंवा चणे-बटाटा घालून तिची घडी करून देतात. दुसरी 'पराठा रोटी'. तव्यावरच ती कालथ्यांनीं झोडपून तिचे तुकडे करितात, म्हणून तिला फाटक्या सदऱ्याच्या अर्थाचें एक विनोदी नांव पडलें आहे. तिसरी 'सादा रोटी' ही न्याहारीची. तिच्याबरोबर वांग्याचा किंवा टोमॅटोचा 'चोखा', म्हणजे विस्तवावर भाजून केलेलें आपलें भरीतच.

शब्दांची ही ओळख पुढेंही पदोपदीं पटते. चवळीच्या लांब शेंगांस तेथें 'बोडी', पालेभाजीस 'भाजी' आणि जिऱ्यास 'गीरा' म्हणतात. वरणावर शेवटीं कढत तेलांत लसूण-जिरें घालून जी फोडणी देतात तिला 'चंके' म्हणतात. हिंदींतील 'छौंक' तो हाच. कैरीच्या किसाचें मोहरीच्या तेलांतलें 'कुचेला' हें लोणचें आपल्या कोणत्याही फडताळांत शोभून दिसेल. हे शब्द बोलणाऱ्या आजच्या पिढीची बोली इंग्रजी आहे. आजे-पणजे ज्या भोजपुरींत बोलत ती घरांतून बहुतेक लोपली. स्वयंपाकघरांत मात्र ती अद्याप टिकून आहे.

अळूवडीचें गांव

सॅन फर्नांडो शहराच्या दक्षिणेस डेबे म्हणून एक गांव आहे. राजधानींतून तेथें जाण्यास भाड्याची खास मोटार करण्याचें कारण नाहीं. त्या बेटांत 'मॅक्सी-टॅक्सी' नांवाच्या लहान बसगाड्या ठराविक भाड्यांत धांवतात व कोणती गाडी कोठें जाणार हें तिच्यावरील रंगीत पट्ट्यावरून कळतें. हिरव्या पट्ट्याची गाडी दक्षिणेकडे नेते. सॅन फर्नांडोस दुसरी गाडी धरावी.

डेबे येथें रस्त्याच्या कडेस तळणाच्या टपऱ्यांची ओळच्या ओळ आहे. 'फुलौरी' ही डाळीच्या पिठाचीं गोल भजीं, 'बैगनी' म्हणजे वांग्याच्या कापांचीं भजीं, 'कचोरी' आणि 'सहीना'. सहीना म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून अळूचीं पानें व डाळीचें पीठ यांची तळलेली वडी. आमच्याकडील गूळ-चिंचेचा हात तिला नसतो. परंतु वरून कैरीची किंवा चिंचेची चटणी घातली म्हणजे तोही उणेपणा जाणवत नाहीं. चार जणांचें कुटुंब येथें थोड्या पैशांत तृप्त होतें.

शेजाऱ्यांचीं चुलाणीं

त्रिनिदादांत जवळजवळ तितकीच मोठी वस्ती आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वंशजांची आहे आणि त्यांच्या अन्नांतही आपणांस घेण्यासारखें पुष्कळ आहे. 'कॅललू' म्हणजे अळूचीं पानें, भेंडी व नारळाचें दूध यांचें दाट कालवण. अळूच्या फदफद्याशीं त्याचें नातें कोणासही ओळखतां येईल. 'पेलाव' या भातांत जे तुरीचे हिरवे दाणे असतात ती तूर मूळची आपल्याच देशची. आफ्रिकेंतून गुलामांच्या व्यापाराबरोबर ती त्या बाजूस गेली. रताळीं, कोनफळाच्या जातीचे कंद, अळकुड्या, कच्चीं केळीं हीं सर्व उकडून खातात व त्यांस एकत्र 'प्रोव्हिजन' म्हणतात. उपासाचा दिवस असलेल्यासही तेथें उपाशी राहावें लागणार नाहीं! नीरफणसही तेथें विपुल. वेस्ट इंडीज बेटांत तो १७९३ सालीं कॅप्टन ब्लाय यानें ताहितीहून आणिला, तो मळ्यांतील गुलामांस स्वस्तांत पोसतां यावें म्हणून.

येथें मात्र शाकाहारी प्रवाशानें सावध असावें. कॅललूंत पुष्कळदां खेंकडा किंवा खारविलेलें डुकराचें मांस घालतात. पेलावांत बहुधा कोंबडी असते. घेवड्याच्या उसळींतही मांसाचा तुकडा असण्याचा संभव असतो. रोटीच्या दुकानांतसुद्धां पालेभाजींत खारे मासे किंवा भोपळ्यांत कोळंबी कधीं कधीं असते. म्हणून प्रत्येक वेळीं स्पष्ट विचारावें. विचारल्याचा राग तेथें कोणासही येत नाहीं. घरोघर कोणी ना कोणी कांहीं ना कांहीं वर्ज्य करणारा असतोच. दुसरी सूचना तिखटाची. 'पेपर' म्हणजे तेथें मिरीं नव्हेत, मिरची. आणि ती आपल्या लवंगी मिरचीस लाजविणारी. जगांतील अतितिखट मिरच्यांपैकीं एकीस त्याच बेटांतील मोरुगा गांवाचें नांव आहे. पहिल्या दिवशीं 'स्लाइट', म्हणजे किंचित्, एवढाच शब्द उच्चारावा. तिसरी सूचना अशी कीं, रात्रीं अनोळखी वस्तींत एकट्यानें हिंडूं नये. कोठें जावें व कोठें जाऊं नये हें आपल्या उताऱ्याच्या मालकास विचारून घ्यावें.

हें अन्न तेथें कसें गेलें

ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३८ सालीं पूर्णपणें संपली आणि उसाच्या मळेवाल्यांस मजूर मिळेनात. तेव्हां कलकत्त्याहून निघालेलें 'फतेल रझाक' नांवाचें जहाज तीन महिन्यांहून अधिक प्रवास करून ३० मे १८४५ रोजीं त्रिनिदादास पोंचलें. त्यावर सव्वादोनशेंच्या सुमारास माणसें होतीं. तेव्हांपासून १९१७ पर्यंत दीड लाखाच्या जवळपास लोक पांच-पांच वर्षांच्या करारानें तेथें गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहार या भागांतले, कांहीं मद्रासकडचे. आपल्या बाजूचे करारी मजूर मुख्यतः मॉरिशसला गेले, म्हणून त्रिनिदादांत मराठी वस्ती झाली नाहीं. परवान्याशिवाय मळा सोडून बाहेर गेल्यास मजुरास तुरुंगांत घालीत. तांदूळ, डाळ, तेल, हळद, मीठ असा शिधा त्यास मोजून मिळे आणि त्याचे पैसे त्याच्या मजुरींतून कापून घेत. आज ज्याची आपण चवीनें वाखाणणी करितों, तें अन्न या मोजक्या शिध्यांतून वाढलें आहे.

आणि येथेंच आमच्या वाचकांपुढें एक गोष्ट ठेवावीशी वाटते. जहाजावर एकाच कढईंत शिजलेलें अन्न सर्वांनीं खाल्लें. त्यांत अनेक जातींचे लोक होते. हिंदु होते, मुसलमान होते, कांहीं ब्राह्मणही होते. पंक्तिभेद पाळावयास तेथें जागाच नव्हती. एका जहाजांतून आलेले ते एकमेकांचे 'जहाजी भाई' झाले, आणि तें नातें सख्ख्या नात्याप्रमाणें पुढच्या पिढ्यांनीं पाळलें. ज्यांस आपल्या पणज्यांनीं ओसरीच्या वर येऊं दिलें नसतें, अशांच्या पणतवांच्या हातची रोटी आज आपण तेथें खातों. ती खातांना घशाखालीं उतरत नसेल, तर दोष रोटीचा नव्हे. आमचें मत विचाराल तर, शाकाहाराचें व्रत आणि स्पर्शाचा विटाळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलें व्रत आनंदानें पाळतां येतें, हें त्रिनिदादची प्रत्येक गाडी सिद्ध करिते. दुसरी गोष्ट तर फतेल रझाकवरच समुद्रांत बुडाली.

पानावरची पंगत

सर्वांत उत्तम जेवण तेथें विकत मिळतच नाहीं. लग्नांत किंवा पूजेच्या प्रसंगीं 'सोहारी' नांवाच्या रुंद पानावर भात, वरण, भोपळा, चणे-बटाटा, भाजी, नीरफणसासारख्या 'कटहर' फळाची भाजी, कैरीची आमटी असा बेत वाढतात. जेवण शुद्ध शाकाहारी असतें आणि हातानेंच जेवावयाचें. ओळखीच्या मनुष्याबरोबर आलेल्या परक्यासही आग्रहानें पान मांडतात. दिवाळीच्या आधीं जाणारांनीं शगवानस येथील 'दिवाली नगर' अवश्य पाहावें. १९८६ पासून दरवर्षीं भरणाऱ्या या उत्सवांत मद्य व मांस यांस मज्जाव असतो, म्हणून तेथें कांहीं विचारावें न लागतां हवें तें खातां येतें.

एकंदरींत सकाळीं दोन डबल्स, दुपारीं भाजी घातलेली एक दालपुरी, संध्याकाळीं थोडी सहीना, फुलौरी व एक शहाळें, इतक्यांत दिवस सुखानें जातो. आणि त्याची सर्व बेरीज मोठ्या हॉटेलांतील एका जेवणाइतकीही होत नाहीं. परंतु या काटकसरीचा खरा लाभ पैशाचा नाहीं. हॉटेलांत जेवणारा प्रवासी त्रिनिदाद पाहून येतो. गाडीपाशीं उभा राहून खाणारास त्रिनिदादचीं माणसें भेटतात. तीं सहज विचारतात, "इंडियांतून आलांत? आमचे आजेही तिकडचेच." गांवाचें नांव मात्र पुष्कळांस सांगतां येत नाहीं, तें विस्मृतींत गेलेलें असतें. राहिली आहे ती फोडणी. घर, गांव, भाषा, सर्व कांहीं हरवूनही ज्यांनीं चुलीवरची एवढी एक ओळख पावणेदोनशें वर्षें जतन केली, त्यांच्या गाडीवरील अन्न स्वस्त असलें तरी त्यास हलकें म्हणण्याचें धाडस कोणीं करूं नये.