उन्हाळ्याची सुट्टी आणि घरातील चिमुकली

एप्रिल महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामांतून सुट्टीतील उपक्रमांच्या सूचना सुरू होतात. मोठ्या मुलांसाठी संस्कार शिबिर, युवकांसाठी नेतृत्व शिबिर, प्रथम कम्युनियन घेणाऱ्यांसाठी खास वर्ग, आवाज चांगला असणाऱ्यांसाठी गायनवर्ग. रविवारच्या मिस्सानंतर ह्या सूचना वाचल्या जात असताना मागच्या बाकावर तीन-चार वर्षांचे मूल मांडीवर घेऊन बसलेली आई कान देऊन ऐकत असते. तिच्या मुलासाठी त्या यादीत बहुधा काहीच नसते. बालवाडी तर बंद झालेली असते, आणि घरी गेल्यावर पुढचे सहा-सात आठवडे ह्या उत्साही जीवाचे काय करायचे, हा प्रश्न उभा असतो.

ह्यात धर्मग्रामाचा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. संत पोप पायस दहावे ह्यांनी १९१० साली लहान मुलांना ख्रिस्तशरीर देण्याविषयी निर्णय दिला, तेव्हा सुमारे सातवे वर्ष हे मुलाला समज येण्याचे वय मानले गेले. १९८३ च्या धर्मकायदेसंहितेनेही तीच मर्यादा कायम ठेवली. सात वर्षे पूर्ण न झालेल्या मुलावर ख्रिस्तसभेचे नियम बंधनकारक नाहीत. रविवारच्या मिस्सेचे बंधनसुद्धा नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गांची घडी ह्याच वयाभोवती बसलेली आहे. मग त्या अगोदरच्या वर्षांचे काय? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली कुटुंबाला जणू घरातील ख्रिस्तसभा म्हटले आणि १९६५ साली शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक असल्याचे सांगितले. म्हणजेच तीन ते सहा ह्या वयातील मुलांचे शिबिर घरीच भरायचे आहे, आणि त्याचे संचालक आपणच आहोत. हिशेब केला तर असे उन्हाळे प्रत्येक मुलाच्या वाट्याला अवघे चार येतात.

'शिबिर' हा शब्द ऐकून पालकांनी घाबरून जाऊ नये. वेळापत्रक, साहित्याची यादी, प्रमाणपत्र ह्यांपैकी कशाचीही गरज नाही. किंबहुना चार वर्षांच्या मुलाला शुल्क भरून दिवसभराच्या उन्हाळी वर्गात पाठवणे आम्हांस फारसे रुचत नाही. वर्षभर ते मूल ठरलेल्या तासांना बांधलेले असते. सुट्टीत त्याला मोकळा वेळ आणि आपले माणूस हवे असते.

आपल्याच पालघर जिल्ह्यात ह्या विषयावर मोलाचे काम झालेले आहे, ह्याची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व अनुताई वाघ ह्यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, ह्या विचारातून 'अंगणवाडी' जन्मास आली. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे व माती ह्यांनाच साधने बनवले. लहान मोठे ओळखणे, मोजणे, रंग जुळवणे, बोटांना वळण लावणे हे सारे त्यातून साधले. ते साहित्य आजही आपल्या दाराशी पडलेले आहे आणि आपण मात्र दुकानातून प्लॅस्टिकचे ठोकळे आणतो.

सुरुवात सकाळी करावी. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी नऊपर्यंत आणि सायंकाळी साडेचारनंतरच बाहेर खेळण्याजोगे वातावरण असते. दुपारी बारा ते तीन ह्या वेळात लहान मुलांना उन्हात नेऊ नये. ज्यांची वाडी अजून शाबूत आहे, त्यांनी पाणी देताना मुलाला बरोबर घ्यावे. पाटातले पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात कसे वळते, हे पाहण्यात चार वर्षांचे मूल अर्धा तास गुंगून जाते. केळीच्या सोपाची होडी सोडून दिली तर एक तास. सदनिकेत राहणाऱ्यांनी नारळाच्या करवंटीत माती भरून खिडकीत ठेवावी आणि मुलाच्या हाताने त्यात वालाचे किंवा भोपळ्याचे बी पेरावे. मूग ओल्या फडक्यात बांधले तर दुसऱ्या दिवशीच मोड दिसतात, त्यामुळे ज्यांना धीर नाही अशा मुलांसाठी मूग बरे. मोड आलेले बी मुलाच्या तळहातावर असताना मोहरीच्या दाण्याचा दाखला सांगावा. तो दाखला प्रभू येशूने शेतकऱ्यांना व कोळ्यांना सांगितला होता. आपल्या वाडीत तो अगदी घरचा वाटतो.

बिया गोळा करताना मात्र एक दक्षता घ्यावी. लालचुटुक गुंजा मुलांना फार आवडतात, परंतु गुंज विषारी असते. कण्हेर व एरंड ह्यांच्या बियाही तशाच. त्या खेळात येऊ देऊ नयेत. चिंचोके, सीताफळाच्या बिया, शिंपले ह्यांची वर्गवारी करणे उत्तम, पण धाकटे भावंड तीन वर्षांखालचे असेल तर ह्या वस्तू त्याच्या हाती लागू देऊ नयेत. घशात अडकायला एक चिंचोका पुरे होतो.

दुपारचा वेळ स्वयंपाकघराचा. आमच्या मते बालवर्गातील मुलासाठी ह्याहून चांगली शाळा नाही. कैरी उकडल्यावर तिचा गर हाताने काढू द्यावा, पन्ह्यात गूळ घालून ढवळू द्यावे, कणकेचा गोळा द्यावा, लसूण सोलू द्यावा. पापड लाटण्याच्या दिवशी मुले लाट्या खाऊन टाकतात अशी तक्रार असते. ती परंपरा आहे, ती चालू द्यावी. वर्षाचा मसाला कुटण्याच्या वा दळून आणण्याच्या दिवशी मात्र मुलांना शेजारी पाठवलेले बरे. कामाला दुप्पट वेळ लागेल व फरशीवर पीठ सांडेल, हे गृहीत धरूनच बसावे. जांभूळ, करवंद, जाम आणि ताडगोळे ह्यांची चव ह्याच महिन्यांत कळते. ज्या मुलाने राजेळी केळी उन्हात वाळून त्यांची सुकेळी होताना पाहिली, त्याला वसईविषयी काही तरी कळले असे आम्ही समजतो.

समुद्र जवळ असूनही वर्षानुवर्षे तिकडे न फिरकणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा ह्यांपैकी कुठलाही किनारा चालेल. जायचे ते ओहोटीला. वडीलधारी मंडळी हे तिथीवरून सांगतात. अमावास्या व पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणून सूर्यास्ताच्या वेळी ओहोटी मिळते व ओल्या वाळूचे मोठे अंगण खुले होते. त्यानंतर भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी गेल्यास भरतीच भेटते. खेकड्यांनी वाळूवर काढलेली गोळ्यांची नक्षी, शंखात लपलेला जीव, पायाखालून सरकणारी वाळू, एवढे दाखवले की काम झाले. पाणी वळले की परतावे.

पाण्याविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. दर उन्हाळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. लहान मूल बुडताना बहुधा ओरडत नाही. ते शांतपणे पाण्याखाली जाते. बावखलाच्या काठाला शेवाळ असते, जुन्या विहिरींना कठडा नसतो, आणि घरातील भरलेली बादली किंवा पिंपही तीन वर्षांच्या मुलास धोक्याचे असते. मूल पाण्याजवळ असेल तेव्हा मोठे माणूस हाताच्या अंतरावर असलेच पाहिजे, आणि त्या माणसाच्या हातात मोबाईल नसावा.

मोबाईलचा विषय निघालाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. तीन व चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान तीन तास हालचाल, त्यातील एक तास तरी दमवणारा खेळ, दहा ते तेरा तास झोप, आणि पडद्यासमोर बसणे एका तासाहून अधिक नको, कमी तितके चांगले, असे त्यात म्हटले आहे. आपल्या घरांतून ह्याच्या उलट चित्र दिसते आणि त्याचा सारा दोष आईवडिलांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. पहाटे वसई रोड किंवा विरार स्थानकावरून चर्चगेटची गाडी पकडणारे पालक रात्री आठ वाजता घरी येतात. दिवसभर मूल आजीकडे असते. आजीचे गुडघे दुखतात, दुपारी तिचा डोळा लागतो, आणि मूल स्वस्थ बसावे म्हणून ती त्याच्या हातात मोबाईल देते. तिला दोष देण्यापूर्वी आपण तिला विश्रांती दिली का, हे पाहावे. शेजारच्या तीन-चार घरांनी वार वाटून घेतले, की सोमवारी सारी मुले एका ओटीवर, मंगळवारी दुसऱ्या, तर प्रत्येक आजीला आठवड्यातून काही दिवस मोकळे मिळतात आणि मुलांना सवंगडीही मिळतात. पूर्वी आळीत हे आपोआप होत असे. आता ते ठरवून करावे लागते, एवढाच फरक.

आजीकडे आणखी एक ठेवा आहे, तो म्हणजे तिची बोली. सामवेदी असो, वाडवळी असो वा अन्य कुठली, इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या नातवंडांशी आजी-आजोबा स्वतःच मोडकी इंग्रजी बोलू लागले आहेत, हे पाहून वाईट वाटते. सुट्टीत आजीने आपल्याच बोलीत बोलावे; लग्नातील गाणी, कोडी, विहिरीवरच्या भुताची गोष्टसुद्धा सांगावी. मुलाला सगळे शब्द कळले नाहीत तरी चालेल. ह्या वयात कान जे उचलतात, ते पुढे कितीही वर्ग लावले तरी उचलत नाहीत.

मामाच्या गावाला जाणे ही आपल्याकडे गमतीचीच बाब आहे, कारण पुष्कळांच्या मामाचे गाव रिक्षाने दहा मिनिटांवर असते! तरीही तेथे चार रात्री मुक्काम करावा. ३१ मे रोजी ख्रिस्तसभा पवित्र मरियेने एलिझाबेथची भेट घेतल्याचा सण साजरा करते. नातलगाकडे जाऊन राहणे आणि त्याच्या घरकामाला हात लावणे मुलाला समजावून सांगण्यास ह्याहून सोपी कथा नाही.

प्रार्थनेच्या बाबतीत आमचे सांगणे एवढेच की कमी करावे, पण रोज करावे. मे हा पवित्र मरियेचा महिना. चार वर्षांच्या मुलाला पूर्ण जपमाळेला बसवले तर ते दुसऱ्या रहस्यापर्यंत झोपी जाते वा मार खाते. त्याऐवजी त्याच्यासाठी एकच दशक ठेवावे. मोगरा, चाफा किंवा जास्वंदीचे फूल सकाळी त्यानेच तोडून मातेच्या प्रतिमेपुढे ठेवावे. गावातील क्रुसापाशी जपमाळ होत असेल तर तेथे न्यावे. तेथील काळोख, मेणबत्त्या आणि नंतरचा खाऊ हे सारे त्याच्या स्मरणात राहते.

बायबलमधील कथा वाचून दाखवण्यापेक्षा करून दाखवाव्यात. हरवलेल्या मेंढराच्या कथेत आजोबांनी मेंढरू होऊन कपाटामागे लपावे. पाच भाकरी व दोन मासे आणणाऱ्या मुलाची भूमिका करण्यास तर कुणीही तयार होते, आणि मासे म्हणजे काय हे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही. तीच कथा दहा दिवस मागितली गेली तरी कंटाळू नये. संत गोन्सालो गार्सिया वसईचे, म्हणून त्यांची कथा जरूर सांगावी. परंतु ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर खिळून भाल्यांनी मारले, हे तपशील ह्या वयात नकोत. वसईचा एक मुलगा जहाजात बसून दूर जपानला गेला आणि तेथील लोकांना त्याने येशूविषयी सांगितले, एवढे पुरे. त्याचप्रमाणे वसईच्या किल्ल्यात नेल्यास १७३९ सालची लढाई सांगू नये. मुलाचे लक्ष भिंतीवरच्या सरड्याकडे असते.

रविवारच्या मिस्सेत मुले रडतात, पळतात, आणि मागे बसलेल्यांच्या नजरा आईला टोचतात. बंधन नाही म्हणून मुलांना घरी ठेवावे, असा अर्थ कृपया काढू नये. बालकांना आपल्याकडे येऊ द्यावे, असे प्रभूने शिष्यांना सांगितले तेव्हा शिष्यही असेच वैतागलेले होते. सुट्टीतील एखाद्या संध्याकाळी चर्च रिकामे असताना मुलाला तेथे न्यावे. वेदी, बाप्तिस्म्याचे कुंड, ख्रिस्तशरीराच्या पेटीजवळचा दिवा जवळून दाखवावा, हळू आवाजात बोलण्याची सवय तेथेच लावावी. मग रविवारी पुढच्या बाकावर बसावे. मागून मुलाला फक्त मोठ्यांच्या पाठी दिसतात.

जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी झोपण्याची व उठण्याची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणावी, म्हणजे पहिल्या दिवशी रडारड कमी होते. करवंटीतला वेल तोवर हातभर वाढलेला असेल. पहिला चांगला पाऊस झाला की तो मुलाच्या हाताने अंगणात, कुंपणाशी किंवा इमारतीच्या आवारात परवानगी घेऊन लावावा, आणि त्याला भोपळा धरला की नाही ते शाळेतून आल्यावर रोज पाहू द्यावे.