झाडाची तहान आणि आंब्याचा मोहर

मार्च-एप्रिलमध्ये मनोरच्या बाजूने बोईसरला येताना साग उघडेबोडके उभे दिसतात. पालघर जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढचे आठ महिने झाडाला जमिनीतल्या ओलीवर काढावे लागतात. सरकारने दुष्काळ जाहीर करो वा न करो, आपल्याकडची झाडे दरवर्षी एक छोटा दुष्काळ सोसतात. तो ती कशी सोसतात हे समजले, तर अंगणातल्या आंब्याला पाणी केव्हा घालायचे हेही समजते.

माणसासारखीच झाडातही संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स असतात. माती सुकू लागली की मुळांत आणि पानांत ॲबसिसिक आम्ल वाढते. ते पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटवते, त्यामुळे पाणी उडून जाणे थांबते. पण याच छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो. दार बंद म्हटल्यावर चूलही मंदावते! अन्न कमी तयार होते. मुळांकडून वर येणारे सायटोकायनिन घटते, शेंडा वाढवणारे जिबरेलिन घटते. फांद्यांची वाढ थांबते, मुळे मात्र ओल शोधत खोल जात राहतात. तहान वाढली की इथिलीनही कामाला लागते आणि पान देठापाशी सुटते. सागाची पानगळ म्हणजे झाड मेल्याची खूण नव्हे, तो त्याचा काटकसरीचा संसार आहे.

या काटकसरीची नोंद खोडातही राहते. पाऊस कमी त्या वर्षी सागाचे वाढवलय अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या सागाच्या वलयांवरून १४८१ पासूनच्या ५२३ वर्षांतले कोरडे पावसाळे ओळखले आहेत.

आता गंमत अशी की हीच तहान शेतकरी मुद्दाम देतो. विदर्भात संत्र्याचे पाणी काही आठवडे तोडतात, त्याला 'ताण देणे' म्हणतात. वाढ थांबते, झाडात अन्नाचा साठा होतो आणि पुन्हा पाणी मिळताच फुले येतात. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार ही नावे त्यातूनच आली. 'बहार' हा आपल्या उर्दूतला, मूळ फारसी शब्द. तिथे तो वसंत, इथे संत्र्या-डाळिंबाच्या बागेतला रोजचा शब्द.

आंब्याचेही बरेचसे असेच. पावसाळा सरल्यावर कोरडी जमीन आणि थंड रात्री यांनी जिबरेलिन घटते आणि मोहराची वाट मोकळी होते. कोकणातले बागायतदार पावसाळ्यात मुळांशी 'कल्टार' घालतात, तेही झाडाला जिबरेलिन बनवू देत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हापूससाठी त्याची शिफारस केलेली आहे. पण घरच्या एखाद-दोन झाडांना, तेही अंदाजाने, हे औषध घालू नये असे मला वाटते. प्रमाण चुकले तर फांद्या खुरटतात. त्यापेक्षा साधे पथ्य पाळा: मोठ्या आंब्याला ऑक्टोबरपासून मोहर येईपर्यंत पाणी घालू नका. मोरीचे पाणी बुंध्याशी सोडले असेल तर तेही वळवा. नाहीतर कोवळी पालवी फुटत राहते आणि मोहर लांबतो.

ताणाला मर्यादा मात्र आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांना उभी झाडे तोडावी लागली. छिद्रे फार दिवस मिटलेली राहिली की साठवलेले अन्न संपते, आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत हवा शिरली की वरच्या फांद्या सुकतात. जुलैत शाळेत, सोसायटीत हौसेने लावलेली रोपे फेब्रुवारीत माना टाकतात, त्याचे कारण हेच. संदेश त्यांनाही मिळतो, पण खोल जायला मूळच नसते. त्यांना पहिले दोन-तीन उन्हाळे नियमित पाणी हवेच, आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन.

मोठ्या आंब्याला पाण्याची गरज फळ धरल्यावर लागते. त्या वेळी तहान पडली तर देठ सुटून फळे गळतात. फळ वाटाण्याएवढे, मग गोटीएवढे, मग अंड्याएवढे होईल तेव्हा दर खेपेला दीडशे-दोनशे लिटर पाणी द्या. ते बुंध्याशी ओतू नका, फांद्यांच्या सावलीच्या कडेला आळे करून त्यात सोडा. पाणी शोषणारी बारीक मुळे तिकडे जास्त असतात. काढणीच्या महिनाभर आधी पाणी थांबवा.