पुसलेल्या गुन्ह्यांचा तपास

साठीच्या दशकाच्या सुरुवातीचे ब्रिटिश गुन्हेपट आणि पोलिसी मालिका यांच्या डीव्हीडी मी जमवतो. पाहुणे त्या पाहतात आणि विचारतात, "हे कृष्णधवल कोण बघतं आता?" प्रश्न वाजवी आहे. पण त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. या गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचल्याच कशा? कारण त्यांतल्या कित्येक पोहोचलेल्याच नाहीत.

त्या काळी ब्रिटिश टीव्हीवरचे बरेच नाटक थेट प्रक्षेपित होई किंवा दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर मुद्रित केले जाई. ही टेप फार महाग होती. शिवाय कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर बंधने होती. मग जुना भाग जपायचा कशाला? आपण घरी कॅसेटवरची जुनी गाणी पुसून नवी भरत असू, तसेच तिथे व्हायचे. 'द ॲव्हेंजर्स' ही मालिका घ्या (हॉलिवूडच्या सुपरहिरोंशी हिचा संबंध नाही). 1961 साली तिचे पहिले 26 भाग झाले. इयन हेन्ड्रीने त्यात डॉक्टर कील रंगवला होता, तर पॅट्रिक मॅकनी गूढ स्टीड होता. त्या 26 पैकी पूर्ण स्वरूपात आज तीनच भाग आहेत, आणि पहिल्या भागाचा सुरुवातीचा तुकडा. त्या तिनांतला एक, 'टनेल ऑफ फिअर', 2016 साली एका खासगी संग्रहात सापडला. हरवलेल्या भागांची पुढे श्राव्य नाटके करण्यात आली. चित्र गेले, ते शेवटी आवाजाने भरून काढले. रेडिओवर प्रेम करणाऱ्यांना यात थोडे समाधान वाटायला हरकत नाही!

मग जे वाचले ते कसे वाचले? परदेशी विक्रीसाठी टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून कार्यक्रमाची प्रत काढत. टेप पुसली गेली, तरी अशी एखादी फिल्म कुठेतरी डब्यात पडून राही. पण या प्रतीत एक उणीव असते. मूळ प्रक्षेपणात सेकंदाला 50 अर्धचित्रे असत, त्यामुळे हालचाल प्रवाही दिसे. फिल्मवर सेकंदाला 25 चित्रेच उतरतात. आज संगणकाच्या मदतीने मधल्या पायऱ्या तयार करून तो जुना प्रवाहीपणा बऱ्याच अंशी परत आणता येतो.

सिनेमाची गोष्ट वेगळी. दक्षिण लंडनच्या मर्टन पार्क स्टुडिओत 1960 ते 1965 या काळात एडगर वॉलेसच्या कथांवरून तासाभराच्या रहस्यपटांची मालिका निघाली. मुख्य चित्रपटाआधी जोडचित्र म्हणून ते दाखवत. धुक्यात फिरणारा वॉलेसचा अर्धपुतळा, मागे गिटारची धून, आणि मग खून! हे सारे फिल्मवरच चित्रित झालेले होते. अशा वेळी मूळ निगेटिव्ह मिळाली तर अर्धी लढाई जिंकली. ती धुतात आणि एकेक चौकट स्कॅन करतात. सेकंदाला 24 या हिशेबाने तासाभराच्या चित्रपटात 86,400 चौकटी होतात. धूळ, ओरखडे, थरथर संगणक शोधून काढतो. पण त्याच्यावर सगळे सोपवता येत नाही. पावसाचा थेंब किंवा हवेत उडवलेले नाणेही त्याला धुळीचा कण वाटू शकते. फिल्मचा दाणा फार घासून काढला, तर माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. किती पुसायचे आणि कुठे थांबायचे, हे कळणे हाच या कामातला कस.

एवढा खटाटोप कशासाठी? माझे उत्तर असे की, गुन्हेकथा त्या समाजाची जबानी असते. या कथांतल्या खुन्यासमोर फाशी उभी असे. ब्रिटनमधली शेवटची फाशी ऑगस्ट 1964 मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी खुनासाठीची ती शिक्षा स्थगित झाली. 1961 चा 'व्हिक्टिम' पाहा. डर्क बोगार्डने त्यात एका नामांकित बॅरिस्टरची भूमिका केली आहे. पुरुषांमधले समलिंगी संबंध तेव्हा गुन्हा होते, आणि त्याच कायद्याच्या भीतीवर खंडणीखोर पोसले जात. खरा गुन्हेगार कोण, खंडणी मागणारा की कायदा, असा प्रश्न हा रहस्यपट विचारतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो कायदा 1967 साली सैल झाला. 1960 चा 'हेल इज अ सिटी' पाहिला तर मँचेस्टरचे खरे रस्ते आणि माळरान दिसते. हे इतिहासाच्या पुस्तकात वाचता येते, पण तिथे माणसे अशी दचकताना दिसत नाहीत.

आणि हा तपास संपलेला नाही. वॉलेसची ही सारी मालिका डीव्हीडीवर आणणारी नेटवर्क ही ब्रिटिश कंपनी 2023 साली बंद पडली. इंटरनेटवरचा चित्रपट आज असतो, उद्या करार संपला की नाहीसा होतो. कपाटातली तबकडी मात्र राहते. 'टनेल ऑफ फिअर' वाचला तो कुठल्या सरकारी भांडारामुळे नव्हे, तर कुणीतरी तो डबा टाकून दिला नाही म्हणून.

आपल्याही घरात लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल, आजीच्या आवाजातल्या ओव्या असतील. चालवायचे यंत्र बिघडले म्हणून त्या रद्दीत घालू नका. आधी त्यांवर नाव आणि साल लिहा, दमट जागेतून हलवा आणि जमेल तेव्हा डिजिटल प्रत करून घ्या. प्रत झाली तरी मूळ टेप जपून ठेवा. उद्याचे तंत्र तिच्यातून आजच्यापेक्षा जास्त काढू शकेल.