एडविन लँड यांची एका तासाची कल्पना

रात्री घाटातून गाडी चालवताना समोरच्या वाहनाचा झोत डोळ्यांवर येतो आणि क्षणभर रस्ताच दिसेनासा होतो. हा त्रास मिटवायचाच, असे १९२६ च्या सुमारास अमेरिकेतल्या सतरा वर्षांच्या एका मुलाने मनावर घेतले. एडविन लँड त्याचे नाव. हार्वर्डमध्ये जेमतेम काही महिने काढून तो न्यूयॉर्कला गेला. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात प्रकाशशास्त्र वाचायचे आणि रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गुपचूप शिरून प्रयोग करायचे, असा त्याचा क्रम होता.

प्रकाशलहरी अनेक दिशांना कंप पावतात. त्यातली एकाच दिशेची कंपने पुढे जाऊ देणारा पडदा दिव्यावर आणि चालकासमोर बसवला, तर झोताची तिरीप अडवता येते. असे गुण असलेले स्फटिक १८५२ मध्येच ब्रिस्टलच्या डॉ. हेरपाथ यांनी वर्णन करून ठेवले होते. क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन पडल्यावर ते तयार झाले होते! पण हे स्फटिक फार नाजूक आणि बारीक. सगळे जण एक मोठा स्फटिक वाढवण्याच्या मागे लागले होते. लँडने उलटा विचार केला: असंख्य सूक्ष्म स्फटिक एका पातळ थरात बसवून सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला का वळवू नयेत? १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. लँडच्या पुढच्या कीर्तीपेक्षा मला हा विचारच मोठा वाटतो.

मोटार कंपन्यांनी मात्र हे तंत्र कधीच स्वीकारले नाही. रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्यांना ते बसवल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता. लँड यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेली पोलरॉइड कंपनी जगली ती गॉगल आणि कॅमेऱ्याच्या फिल्टरवर, पुढे युद्धकाळातल्या लष्करी कामांवर.

१९४३ मध्ये सांता फे इथे सुट्टीवर असताना लँड यांनी आपल्या लहान मुलीचा फोटो काढला. तो आत्ताच का बघता येत नाही, असे तिने विचारले. लँड फिरायला बाहेर पडले आणि तासाभरात कॅमेरा, फिल्म आणि रसायने यांचा आराखडा त्यांच्या डोक्यात तयार झाला, असे ते पुढे सांगत. ही गोष्ट नेहमी चमत्कारासारखी सांगितली जाते आणि तिथेच आपली फसगत होते. पातळ थर, स्फटिक आणि रसायने यांच्यात मुरलेली सतरा वर्षे त्या एका तासामागे उभी होती. ती नसती तर मुलीचा प्रश्न ऐकून कोणताही बाप नुसता हसला असता.

तरीही २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांसमोर प्रात्यक्षिक होईपर्यंत तीन वर्षे गेली. फिल्मलाच रसायनाची बारीक पुडी जोडलेली असे. दोन रुळांमधून फिल्म ओढली की पुडी फुटून रसायन समान पसरे आणि मिनिटभरात फोटो हाती येई. २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनच्या जॉर्डन मार्श दुकानात हा कॅमेरा विक्रीला आला. किंमत होती ८९.७५ डॉलर. रंगीत झटपट फोटोसाठी मात्र १९६३ साल उजाडावे लागले. हॉवर्ड रॉजर्स या सहकाऱ्याने त्यासाठी वर्षानुवर्षे खपून काम केले आणि लँड यांनी त्यांना तेवढा वेळ दिला.

माणसे निवडतानाही लँड पदवीचे नाव बघत नसत. स्मिथ कॉलेजात कलेचा इतिहास शिकलेल्या मेरोए मोर्स त्यांच्याकडे कृष्णधवल फिल्मच्या संशोधनाच्या प्रमुख झाल्या. वस्तू ठरवतानाही तसेच; लोकांनी जे पाहिलेच नाही, त्याबद्दल बाजार पाहणीतून काय कळणार, असे लँड यांचे मत होते.

१९७७ मध्ये पोलाव्हिजन आले. झटपट तयार होणारी, पण जेमतेम अडीच मिनिटांची मूक फिल्म. तोवर व्हिडिओ कॅसेट घरात शिरू लागली होती. पोलाव्हिजनचा तोटा कंपनीला जबर बसला आणि १९८२ मध्ये लँड कंपनीतून पूर्ण बाहेर पडले. बाजाराला न विचारण्याची त्यांची रीत यामुळे खोटी ठरली, असे मला वाटत नाही. या वेळी शेजारी काय घडते आहे तेच त्यांनी पाहिले नाही, हा दोष वेगळा आहे. कंपनी सोडल्यावरही बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये स्वतः उभारलेल्या रोलंड संस्थेत ते माणसाला रंग कसे दिसतात याचा अभ्यास करत राहिले. १ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावावर पाचशेहून अधिक पेटंटे होती.